जे बेट आमच्या नावाचं होणार होतं

कॅनडाच्या उत्तर टोकाला, जिथे झाडंसुद्धा उगवायचा नाद सोडून देतात, तिथे सोमणांच्या नावाचं एक बेट होणार आहे ही बातमी मला कळली आणि पुढच्याच रविवारी मी किचनरच्या मराठी मंडळींना पेढे वाटले. खवा मिळाला नाही म्हणून दूधपावडरचे केले, पण वेलदोडा सढळ हाताने घातला. कुणी तरी विचारलं, "काकू, नातवंड का?" मी म्हटलं, "त्याहून मोठं. बेट."

माझी मुलगी मुक्ता समुद्र मोजणाऱ्या सरकारी खात्यात काम करते. उन्हाळ्यात वरच्या समुद्रातलं बर्फ सुटलं की हिची मंडळी बोटी घेऊन जातात आणि पाणी कुठे किती खोल, खडक कुठे, बोट कुठून जाईल आणि कुठे फुटेल, हे सगळं नकाशावर उतरवतात. आदल्या उन्हाळ्यात तिच्या बोटीने एका लहानशा ओसाड बेटाभोवतीचं पाणी मोजलं. नकाशावर बेटाला नाव नव्हतं. तिचे साहेब म्हणाले, तू मोजलंस, तूच नाव सुचव. हयात माणसाचं नाव चालत नाही. तिने वडिलांचं आडनाव लिहून दिलं.

हे, म्हणजे माझे यजमान, जन्मभर नाशिककडे जमिनीच्या मोजणी खात्यात होते. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं मुक्ताकडे किचनरला आलो आणि काही हिवाळ्यांनंतर एका हिवाळ्यात हे गेले. अस्थी आम्ही गोदावरीत सोडल्या. किचनरमध्ये यांचं म्हणून कपाटात एक ओव्हरकोट तेवढा राहिला. देवळात जाऊन बसावं तर देऊळ गाडीशिवाय गाठता येत नाही, आणि मला गाडी येत नाही. त्यामुळे या देशात यांच्या नावाची एक जागा असावी असं मला फार वाटायचं. बेटाचं ऐकलं आणि मी अक्षरशः हावरटासारखी त्यावर बसले.

मुक्ताला पेढ्यांचं कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "आई, ते फक्त प्रपोजल आहे! तिथल्या कम्युनिटीला विचारायचंय अजून. एल्डर्सची मीटिंग होईल, ते ओके म्हणाले तरच पुढे जाणार."

"मग विचारा की. ओसाड बेट आहे, तिथे काळं कुत्रं राहत नाही. नाही कोण म्हणणार?"

"मीच जातेय विचारायला. ऑगस्टमध्ये." मग म्हणाली, "येतेस?"

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. मी तेव्हा साठीची, गुडघे बरे, आणि स्वभाव होता तसाच. बॅगेत रव्याचे लाडू, मेतकूट, लोणचं आणि दोन स्वेटर टाकले आणि निघाले.

इकालुइत

ओटावाहून विमान नाकासमोर उत्तरेला तीन तास उडतं. पहिला तासभर खाली जंगल, मग जंगल विरळ होतं, मग नुसती तळी आणि दगड. शेजारचा माणूस डुलक्या काढत होता आणि मी खिडकीला नाक लावून बसले होते. एवढी जमीन आणि एक बांध नाही, एक कुंपण नाही. मोजणी खात्यातल्या माणसाच्या बायकोला हे बघून कसंतरीच होतं.

इकालुइतला उतरलो आणि धुकं आलं. पुढचं लहान विमान धुक्यात उडत नाही. विमानतळावर कुणीही आरडाओरडा केला नाही, हे मला विशेष वाटलं. लोकांनी पोरांना मांडीवर घेतलं, थर्मास उघडले आणि निवांत बसून राहिले. मी एका बाईला विचारलं, धुकं कधी जाईल? तिने उत्तर दिलं नाही, नुसतं नाक मुरडलं. मला राग आला. मुक्ता हसायला लागली. इथे नाक मुरडलं म्हणजे 'नाही', आणि भुवया उंचावल्या म्हणजे 'हो', असं तिने समजावलं. बाईने मला अगदी व्यवस्थित सांगितलं होतं की आज काही जात नाही. आपण मान अशी हलवतो की होकार का नकार हे किचनरच्या डॉक्टरला अजून कळलेलं नाही, तेव्हा आपण बोलण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी धुकं उठलं. आम्ही गेलो, पण माझी बॅग मागे राहिली. लहान विमानात वजन जास्त झालं की आधी बॅगा उतरवतात. माझे जाड बूट त्यातच होते. लाडवांचा डबा मात्र मी मांडीवर ठेवला होता, कारण डबा मी कुणाच्या हाती देत नाही.

गाव

गाव म्हणजे खाडीच्या काठाने पसरलेली रंगीत घरं, सगळी खांबांवर उभी. जमीन आत बारा महिने गोठलेली, त्यामुळे पाया खणता येत नाही. नळाचं पाणी ट्रकने येतं आणि सांडपाणी दुसऱ्या ट्रकने जातं. आमच्या सिन्नरला उन्हाळ्यात टँकर यायचा, त्यामुळे मी या व्यवस्थेला अजिबात दचकले नाही. उलट मुक्तालाच सांगितलं, भांडी घासताना नळ सोडून ठेवू नकोस.

आम्हाला घ्यायला रोडा आली होती. शाळेत शिकवणारी, तिशीतली, हसरी बाई. मीटिंगमध्ये दुभाषी तीच होती. माझ्या पायातल्या चपला आणि मोजे बघून ती सरळ आपल्या आजीच्या घरी घेऊन गेली आणि सीलच्या कातड्याचे बूट माझ्यापुढे ठेवले. त्यांना कामिक म्हणतात. मी शाकाहारी बाई. कातड्याकडे एकदा बघितलं, खिडकीबाहेरच्या ओल्या दगडांकडे बघितलं, आणि पाय आत घातले. इतकी ऊब माझ्या पायांना कॅनडात आल्यापासून मिळाली नव्हती.

रोडाची आजी म्हणजे लीआ आजी. ऐंशीच्या घरातली, हाताएवढी ठेंगणी, आणि डोळे असे की आपण काय लपवलंय ते आधी बघणारे. ती इनुक्टिटूटमध्ये, म्हणजे तिथल्या इनुइट लोकांच्या भाषेत बोलायची, रोडा इंग्रजी करून सांगायची. मी लाडू पुढे केले. आजीने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसरा रुमालात बांधला. मग तिने माझ्यापुढे वाळवलेला मासा ठेवला. मुक्ता घाईघाईने म्हणाली, "माय मॉम इज व्हेजिटेरियन." रोडाने ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा आजीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. रोडा हसू दाबत म्हणाली, "ती विचारतेय, मग ही इतकी मोठी कशी झाली?"

घरात रोडाची दोन वर्षांची मुलगी लुडबुडत होती. आजी तिला हाक मारायची, "अताता!" मुक्ताला तेवढी भाषा येते. ती माझ्या कानात म्हणाली, अताता म्हणजे बाबा. ऐंशी वर्षांची बाई दोन वर्षांच्या पोरीला बाबा म्हणते, हे काय? रोडाने सांगितलं. मुलीला आजीच्या वडिलांचं नाव ठेवलंय. इथे गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, मुलगा असो की मुलगी, आणि मग नात्याची हाकही त्याच्याबरोबर येते. पोरीने कप पाडला तरी आजी तिला रागावत नव्हती. वडिलांना कोण रागावणार?

मला हे फार ओळखीचं वाटलं. आमच्या सासरी थोरल्या पुतण्याला आजेसासऱ्यांचं नाव ठेवलं होतं, आणि आपल्या सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही म्हणून सासूबाई त्याला जन्मभर 'बाळू' म्हणत राहिल्या. मी हे सांगितलं. आजीने भुवया उंचावल्या आणि विचारलं, "आणि तुझ्या नवऱ्याचं नाव काय होतं?"

मी मुक्ताकडे बघितलं. मुक्ताने नाव सांगितलं.

आजी मला म्हणाली, "तू का नाही सांगत?"

"आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात घेतात तेवढंच."

रोडाने हे सांगितल्यावर मला वाटलं आता हसतील. आजी हसली नाही. म्हणाली, तिच्या लहानपणी मोठ्यांना नावाने हाक मारायची नसे, नात्यानेच मारायची. आता पोरं टीव्ही बघतात आणि कुणालाही नावाने बोलावतात. मग आम्ही दोघींनी मिळून पोरांबद्दल बरीच तक्रार केली. दोन भाषांतरांतून गेली तरी तिची धार कमी झाली नाही.

मुक्ताने बेटाचा विषय काढला. नकाशा उघडला, बोट ठेवलं. आजी नकाशाकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "उद्या वारा पडेल. आपण जाऊ तिथे. मला तिथला पाला हवाय."

बेट

रोडाच्या नवऱ्याची मोटरबोट. आजी पुढे, पाठीला टेकण न लावता बसलेली. मी मधे, लाइफजॅकेटमध्ये घट्ट कोंबलेली. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि इतकं गार की हात बुडवला तर हाडापर्यंत कळतं. दोन ठिकाणी निळे बर्फाचे तुकडे तरंगत होते. मुक्ता मागे उभी राहून मला दाखवत होती. "आई, इकडे खोल आहे. इकडे खडक. हा आम्ही शोधला. आधी चार्टवर नव्हता. कुणीतरी नक्की धडकलं असतं." तिचा आवाज अगदी यांच्यासारखा झाला होता. हे बांधावर उभे राहून असंच दाखवायचे. या लेकीने पृथ्वीचा एक तुकडा मोजला, आणि त्यावर बापाचं नाव येणार!

बेट फारसं देखणं नाही, हे आधीच सांगते. चार-पाच शेतांएवढं, मधे दगडाचा उंचवटा, कडेने गोटे आणि शेवाळं. एक झाड नाही. पक्षी मात्र भरपूर, आणि आमच्या येण्यावर सगळे नाराज. मी उतरले, कामिकमधल्या पायांनी ते दगड चाचपले आणि पहिलं काम म्हणून हात जोडले. यांची जागा म्हटल्यावर.

आजी तरातरा वर चढली आणि दगडांच्या फटीतून गोल गोल लहान पानं खुडायला लागली. एक मूठ माझ्या हातात दिली. कुंगुलिक, असं म्हणाली. मी चावून बघितलं आणि ओरडलेच, "मुक्ता, चुका!" चव तंतोतंत आपल्या चुक्याची. डाळ-दाण्याची आंबट पातळ भाजी करतो ना, तोच. तीन दिवस लाडू-ब्रेडवर काढलेल्या माणसाला तो आंबटपणा काय लागला असेल! मी पिशवी भरून पाला खुडला. आजीला मी काहीतरी खाल्लेलं बघून समाधान वाटलं असावं.

उंचवट्यावर पोचल्यावर तिने दाखवलं. गोटे गोलाकार मांडलेले, अर्धे मातीत रुतलेले. असे चार गोल. रोडा म्हणाली, तंबूंची वर्तुळं. कातडी वाऱ्याने उडू नये म्हणून हे दगड ठेवायचे.

"म्हणजे इथे माणसं राहत होती?" मी विचारलं.

आजीने नाक मुरडलं. मग बसून सांगितलं. राहत नव्हती, थांबत होती. उन्हाळा सरताना पुरुष खाडीपलीकडे आत डोंगरात कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या हरणांच्या शिकारीला चालत जायचे. हिवाळ्याचे कपडे त्या कातड्यांचे व्हायचे. बायका, पोरं आणि म्हातारी माणसं या बेटावर थांबायची, कारण इथून दोन्ही किनारे दिसतात आणि अस्वल आलं तर लांबून कळतं. बेटाचं नाव उताक्कीविक. वाट बघायची जागा. तिच्या आजीच्या आजीच्या वेळीही हेच नाव होतं.

"एक वर्ष वडील आले नाहीत," आजी म्हणाली. "बाकीचे आले, ते नाही आले. बर्फ धरायला लागलं. सगळे म्हणाले, आता गावाकडे जाऊ. आईने हलायला नकार दिला. म्हणाली, इथे थांबते असं सांगितलंय, तो इथेच बघेल. आम्ही शिंपले खाल्ले, हा पाला खाल्ला. मग एक दिवस समोरच्या किनाऱ्यावर धूर दिसला. त्यांचा पाय मोडला होता. आम्ही नसतो तर तो धूर कुणी बघितला नसता."

वारा खरंच पडला होता. मुक्ताने नकाशाची गुंडाळी केली, उलगडली, पुन्हा केली. मला कळलं. बेटाला नाव होतं. यांचं नाव लावायला जागाच नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आजीच्या बापासाठी नव्हतं. माझ्या स्वतःसाठी होतं.

आजीच्या घरी

परत आल्यावर आजीने चहा केला आणि मी तिच्या स्वयंपाकघरात त्या पाल्याची भाजी केली. डाळ नव्हती, दाणे नव्हते. दुकानातलं पीनट बटर घातलं. तिखट मी पर्समध्ये बाळगते. आजीने वाटी पुसून खाल्ली. मग माझ्याकडे बघून रोडाला काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगितलं.

रोडा म्हणाली, "ती म्हणते, मुक्ताने तिला सगळं सांगितलं. तुला ते बेट नवऱ्यासाठी हवंय. आम्ही माणसांची नावं जमिनीला देत नाही, माणसांना देतो. पण तुमच्यात देत असतील. ती म्हणते, ते जुनं नाव माहीत असलेली आता ती एकटीच आहे. मोटरबोटी आल्यापासून तिथे कुणी थांबत नाही. तुला हवं असेल तर घे. उद्या हॉलमध्ये ती सगळ्यांना तसं सांगेल."

मी आजीचे हात धरले आणि "कुयान्नामीक" म्हटलं. तेवढा एकच शब्द मी विमानात पाठ केला होता. त्याचा अर्थ आभार.

बाहेर आल्यावर मुक्ता म्हणाली, "आई, आजींनी स्वतः दिलंय. रूल्सप्रमाणे चालतं. एल्डरने सपोर्ट केला की पुढे काही प्रॉब्लेम नाही." तिचे डोळे चमकत होते. मग हळूच म्हणाली, "मलाही हवंय गं. बाबांनी मला मोजणीची लेव्हल कशी लावायची ते सातवीत शिकवलं होतं."

मी खूश झाले. खोटं कशाला सांगू? सरळ रस्त्याने मिळालं होतं, मागितलेलंही नव्हतं. त्या दिवशी मी जेवले छान आणि झोपलेही छान.

हॉल

मीटिंग दुपारी, गावच्या हॉलमध्ये. चहाची मोठी किटली, तळलेली जाड भाकरीसारखी रोटी, आणि जोडलेल्या टेबलांवर मुक्ताचा नकाशा, चादरीएवढा. वीस-पंचवीस म्हातारी माणसं भोवताली बसली. मुक्ताने समजावून सांगितलं, रोडाने भाषांतर केलं. बोटींसाठी नवा नकाशा छापायचाय, तुमची नावं त्यावर घालायचीत. इथल्या जागांना तुम्ही काय म्हणता ते सांगा.

कुणी काही सांगेना. चहा पीत राहिले. एक म्हातारबाबा म्हणाले, पूर्वीही एकदा लोक आले होते, नावं विचारून गेले, नकाशा आला तेव्हा त्यात एकही नव्हतं. बाकीच्यांनी भुवया उंचावल्या. मुक्ताचा चेहरा उतरला. ही मीटिंग रिकाम्या हाताने गेली तर तिचं सगळं वर्ष वाया जाणार होतं, हे मला माहीत होतं.

तेवढ्यात लीआ आजी उठली आणि बोलली. रोडा म्हणाली, "ती सांगतेय की खाडीच्या तोंडावरच्या बेटाला या पाहुणीच्या नवऱ्याचं नाव द्यावं. तिची हरकत नाही." सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं उठून नमस्कार करावा, म्हणून पुढे गेले. आणि तेव्हा पहिल्यांदा मी तो नकाशा नीट बघितला.

समुद्रभर आकडे. बारीक, सुबक, माझ्या लेकीच्या हातचे, एकेका आकड्यासाठी तिने थंडीत बोटं गोठवलेली. आणि जमिनीवर जवळजवळ काही नाही. कुठल्या तरी परक्या खलाशांची दोन नावं, बाकी कोरं. शेजारी ही सगळी माणसं गप्प बसलेली.

मला हे आठवले. यांच्या कचेरीत एकदा एक नवे साहेब आले. म्हणाले, नकाशावर फक्त गट नंबर घाला, बाकीची रिकामटेकडी नावं काढा. आणि हे! एरवी घरात आवाज न चढवणारा माणूस, त्या दिवशी जेवताना ताट सरकवून म्हणाला, "शेतकऱ्याने ज्याला चिंचेचं वावर म्हटलं त्याला मी नंबर म्हणून मोजू?" मोजणीला गेले की मापाची साखळी टाकण्याआधी हे बांधावर बसायचे आणि म्हाताऱ्या माणसाला विचारायचे, बाबा, याला काय म्हणता? उतरणीचं, बारवेचं, सतीचा तुकडा, सगळं लिहून घ्यायचे. साहेबांच्या नाकावर टिच्चून नकाशात घालायचे. बढती उशिरा मिळाली ती त्यामुळेच.

मी मराठीतच बोलायला लागले. इंग्रजी सुचलंच नाही. मी मराठीत, मुक्ता इंग्रजीत, रोडा त्यांच्या भाषेत. माझं एकेक वाक्य तीन घरं फिरून पोचत होतं.

"माझे यजमान जमीन मोजायचे," मी म्हटलं. "पण नाव आधी विचारायचे. नाव असलेल्या जागेवर मी त्यांचं नाव लावलं तर ते मला जन्मात क्षमा करणार नाहीत. गेलेत म्हणून काय झालं, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे."

मुक्ताचं भाषांतर मधेच थांबलं. मी तिला कोपर मारलं. तिने नाक पुसलं आणि पुढे सांगितलं.

"त्या बेटाला नाव आहे," मी म्हटलं. "उताक्कीविक. तेच लिहा."

हॉलमध्ये हशा पिकला. माझा उच्चार चुकला होता. शब्द त्यांच्याच भाषेतला, त्यामुळे चारी बाजूंनी सगळे मला दुरुस्त करायला लागले. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा हशा. तो 'क' घशात अगदी खालून काढायचा असतो. लीआ आजीने स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. तिसऱ्यांदा मी असा काही काढला की कुणाच्या तरी मांडीवरच्या तान्ह्या बाळाने भोकाड पसरलं. पण आजीने भुवया उंचावल्या.

मुक्ताने पेन्सिल घेतली आणि बेटाशेजारी नाव लिहिलं. रोडाने खाली त्यांच्या लिपीत लिहिलं.

मग ते मघाचे म्हातारबाबा उठले. टेबलाशी आले, काठीने बेटाच्या डाव्या अंगाचा खडक दाखवला आणि एक नाव सांगितलं. सील ज्यावर ऊन खातात तो खडक. शेजारच्या बाई म्हणाल्या, नाही, तो पलीकडचा. दोघांचं वाजलं. तिसऱ्याने खुर्ची पुढे ओढली. कुणी म्हणालं, हा उतार, इथे बाळंतपणाला थांबायचे. ही खाडी, इथे मासे दगडांच्या बांधात अडवायचे. हे टोक, इथे वारा वळतो. रोडाला भाषांतर पुरेना. मुक्ता टेबलावर जवळजवळ आडवी होऊन लिहीत होती. किटली दोनदा भरली. मी चहा वाटत होते, कारण मला एवढंच येत होतं, आणि माझ्याएवढी ताठ मान त्या गावात त्या दिवशी कुणाचीही नसेल.

एकदाच मुक्ताने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिचा पुढचा प्रश्न मला ऐकू आला. ती एका म्हाताऱ्या माणसापुढे वाकून विचारत होती, "आणि याला काय म्हणता?"

किचनर

छापील नकाशा बऱ्याच उशिराने आला. तो आता आमच्या दिवाणखान्यात भिंतीवर आहे, काच लावून. बेट त्यावर मुगाच्या दाण्याएवढं आहे, पण नाव नीट वाचता येतं. किनारा तर नावांनी भरून गेलाय. पोर्ट्रेटसारखा लावलाय म्हणून मुक्ता मला चिडवते. येणारा प्रत्येक पाहुणा चष्मा सारखा करून आधी बराच वेळ शोधतो आणि मग संकोचून विचारतो, "काकू, यात सोमण कुठे आहेत?"

मी त्या सगळ्या किनाऱ्यावरून हात फिरवते, वरपासून खालपर्यंत, आणि सांगते, "सगळीकडे."